पेटी आधी की माशी आधी?

कॉलेजात कोणी गाव विचारलं की मी सांगतो, "पेठ". पुढचा प्रश्न ठरलेला : "कुठली? सदाशिव की नारायण?" मित्रहो, आमच्या पेठेला मागे-पुढे काही नाही. नुसती पेठ, जिल्हा नाशिक. नाशिकहून गुजरातच्या धरमपूरकडे जाणारा रस्ता धरला की पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर तालुक्याचं गाव लागतं, आणि तिथून आत, डोंगरउतारावर आमचा पाडा. पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, आणि एप्रिल-मेमध्ये त्याच पाड्यावर हंडाभर पाण्यासाठी दरीत उतरायचं. पिकं म्हणाल तर भात, नागली, वरई आणि खुरासणी.

एवढी ओळख अशासाठी, की पुढे जे सांगायचं आहे ते या जागेशिवाय कळणार नाही. विषय आहे मधमाश्या पाळण्याचा. सुट्टीत मी घरी मधपेटीच्या नादी लागलेला असतो, ही बातमी होस्टेलवर फुटल्यापासून प्रश्न एकच : "यार, आमच्या शेतावर पण ठेवायची आहे. कोणती पेटी घेऊ?" नेटवर बघावं तर पेट्यांचे इतके प्रकार, की त्यापेक्षा मोबाइल निवडणं सोपं! लँगस्ट्रॉथ, वारे, केनियन टॉप-बार... प्रत्येकीचे भक्त वेगळे आणि प्रत्येकाला आपलाच देव खरा वाटतो. दर वेळी मेसच्या रांगेत उभं राहून हे सगळं सांगणं जमत नाही, म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच टाकावं.

पहिली गोष्ट अशी, की पेटी विचारण्याआधी माशी विचारावी. आपल्याकडे मूळच्या माश्या मुख्यतः चार. आग्या माशी सगळ्यात मोठी. ती उंच झाडाला, कड्याला नाहीतर आपल्या होस्टेलसारख्या इमारतीच्या टाकीखाली उघड्यावर एकच भलंमोठं पोळं लावते. तिला कोणतीही पेटी चालत नाही. फुलोरी झुडपात लहानसं एकच पोळं बांधते, तीही पेटीत राहत नाही. पोया अगदी बारीक आणि बिनडंखाची, मध जेमतेम औषधापुरता. उरली सातेरी. ही अंधारात राहते : झाडाची ढोली, वारूळ, जुन्या भिंतीतलं भगदाड. आत एकाशेजारी एक अशी समांतर पोळी. सात पोळी म्हणून सातेरी असं सांगतात. मोजायला गेलात तर पाचही निघतील आणि नऊही. अंधारी पोकळी हेच तिचं घर असल्यामुळे पेटी ही तिच्या दृष्टीने फक्त एक चौकोनी ढोली असते.

याशिवाय एक परदेशी पाहुणी आहे, मेलिफेरा. १९६०च्या दशकात तेव्हाच्या पंजाबात ती रुजली आणि पुढे देशभर पसरली. मध भरपूर देते. पण तिच्या पेट्या ट्रकमध्ये घालून मोहरी, सूर्यफूल असं फुलोऱ्यामागे फिरावं लागतं आणि फुलं नसतील तेव्हा साखरेचा पाक पाजावा लागतो. ज्याच्याकडे ट्रक आहे त्याने जरूर पाळावी. आमच्या पाड्यावर ट्रकसुद्धा पावसाळा सोडूनच येतो.

आता खुरासणी. काही जण हिला कारळं म्हणतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आमचे उतार हिच्या फुलांनी पिवळे होतात आणि शहरातली मंडळी फोटो काढायला गाड्या थांबवतात. आम्हाला मात्र ती वर्षाच्या तेलासाठी आणि चटणीसाठी लागते. या पिकाची एक खोड आहे. स्वतःच्याच परागावर त्या झाडाला बी धरत नाही. दुसऱ्या झाडाचा पराग यावा लागतो आणि तो बहुतेक करून माशीच आणते. भाताला, नागलीला माशी नसली तरी चालतं. खुरासणीला चालत नाही. म्हणजे आमच्याकडे मधमाशीचा हिशेब मधाच्या बाटलीत नाही, तेलाच्या डब्यात करावा लागतो.

माझा आजा मोहोळ काढणारा. कोणत्या ढोलीत सातेरी आहे, कोणत्या कड्याला आग्या बसतो, हे त्याला तोंडपाठ. तो म्हणतो, पूर्वी फुललेल्या खुरासणीत उभं राहिलं की कानात गुणगुण भरून राहायची. आता ऐकायला थांबावं लागतं. कारण उघड आहे. जुनी झाडं गेली तशा ढोल्या गेल्या, आणि उरलेल्या ढोल्यांमध्ये जो आधी पोचेल तो सगळंच काढतो. मधाबरोबर पिलावासुद्धा, म्हणजे अंडी-अळ्यांची पोळीही फडक्यात पिळली जातात. आजा स्वतः पिलावा सोडतो. पण त्याने सोडलेलं दुसऱ्या दिवशी दुसरा कोणी नेतो. तेव्हा "मोहोळ घराजवळ आणू, म्हणजे राखता येईल" हा विचार मुळात त्याचा, माझा नाही.

पाड्यावर आधी पेट्या आल्या नव्हत्या असंही नाही. काही वर्षांपूर्वी एका योजनेत चार घरांना पेट्या मिळाल्या. रिकाम्या, आणि मेलिफेराच्या मापाच्या! माशी कुठून आणायची, तिचा आकार काय, हे कोणी सांगितलं नाही. आज त्यातल्या एकीत खुडूक कोंबडी बसते आणि एकीवर टीव्ही ठेवला आहे. यंत्र अभियांत्रिकीच्या भाषेत सांगायचं तर ग्राहक कोण हे न विचारता डिझाइन केलेला माल.

सेकंड इयरला असताना मी लायब्ररीत आणि नेटवर पेट्यांचा अभ्यास सुरू केला. (सिलॅबसचा तेवढा केला असता तर आई जास्त खूश झाली असती!) त्याचा सारांश देतो.

सगळ्यात जुना प्रकार म्हणजे पोकरलेलं खोड, मडकं किंवा भिंतीतला कोनाडा. हिमालयाच्या बाजूला घराच्या भिंतीत सातेरीच्या जातीच्या माश्या पाळायची पद्धत आहे. बाहेरून माशीचं दार, घरातून माणसाचं. खर्च नाही, माशी खूश. पण मध काढायचा तर पोळं कापावं लागतं आणि आत काय चाललंय ते दिसत नाही.

दुसरी चौकटीची पेटी. अमेरिकेत लँगस्ट्रॉथ नावाच्या पाद्र्याने १८५१ मध्ये एक साधी गोष्ट हेरली. माशी आपल्या ये-जा करण्यासाठी ठरावीक रुंदीची वाट मोकळी ठेवते. तिच्या युरोपियन माशीसाठी ही वाट सहा ते नऊ मिलिमीटर. फट त्याहून लहान असेल तर ती डिंकासारख्या पदार्थाने बुजवते, मोठी असेल तर तिथे पोळं बांधते. तेवढंच अंतर ठेवून लाकडी चौकटी टांगल्या की पोळी एकमेकांना चिकटत नाहीत आणि पुस्तकाच्या पानासारखी बाहेर काढता येतात. एका 'क्लिअरन्स'वर सगळा जगभरचा धंदा उभा राहिला! आपल्याकडे फादर न्यूटन यांनी १९१०च्या दशकात दक्षिण भारतात याच तत्त्वावर आपल्या माशीसाठी लहान पेटी केली आणि पुढे भारतीय मानकाच्या पेट्याही आल्या. महाबळेश्वरच्या परिसरात अशा पेट्यांमध्ये सातेरी पाळण्याची जुनी परंपरा आहे. तिथल्याच मांघर गावाला २०२२ मध्ये देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर केलं गेलं. या पेटीचा मोठा फायदा असा, की यंत्रात फिरवून मध काढता येतो आणि पोळं माशीला परत देता येतं. मेण करायला माशीला बराच मध खर्च करावा लागतो, तो वाचतो. तोटा म्हणजे मापं चोख लागतात, वरचा मधाचा कप्पा उचलावा लागतो आणि आठ-दहा दिवसांनी कोणी तरी उघडून बघणारं लागतं.

तिसरी टॉप-बार. १९७०च्या सुमारास केनियात हिचा प्रसार झाला. आडवी, गव्हाणीसारखी पेटी. वर एकाला एक चिकटून नुसत्या पट्ट्या. चौकट नाही. माशी पट्टीखाली आपल्या मनाने पोळं बांधते. बाजू तिरप्या असल्या तर पोळं भिंतीला कमी चिकटतं. काहीही उचलायचं नाही, एका वेळी एक पट्टी. पण पोळं नाजूक, उन्हात तुटतं, आणि मध कापूनच काढायचा.

चौथी वारे. एमिल वारे हा फ्रान्समधला पाद्री. (मधमाशी आणि पाद्री यांचं काय नातं आहे कोण जाणे.) तीस सेंटिमीटर लांब-रुंद आणि एकवीस सेंटिमीटर उंच असे चौकोनी डबे एकावर एक, नवा डबा नेहमी खालून सरकवायचा, कारण ढोलीत माशी वरून खाली बांधत जाते. सगळ्यात वर भुशाने भरलेला एक ट्रे, जो ओल शोषतो आणि ऊबही धरतो. पण नवा डबा घालताना सगळी चळत उचलावी लागते.

आता 'नैसर्गिक' पद्धतीबद्दल. नेटवर बऱ्याच जणांना वाटतं की टॉप-बार किंवा वारे आणली की आपण नैसर्गिक झालो. माझ्या मते तसं नाही. स्थानिक माशी घ्यायची, तयार मेणपत्रा न देता तिला स्वतःचं पोळं बांधू द्यायचं, उगाच सारखं उघडायचं नाही, औषधं मारायची नाहीत, आणि तिच्या पोटापुरता मध ठेवून उरलेला घ्यायचा. हे चौकटीच्या पेटीतही करता येतं, आणि टॉप-बारमध्ये सगळा मध ओरबाडणारे लोकही आहेत.

एवढा अभ्यास करून, ड्रॉइंग शीट घेऊन मी घरी गेलो. मनात चौकटीची पेटी जवळजवळ पक्की होती. बाबांनी शीट उलटसुलट बघितली आणि एकच विचारलं, "दिवाळीनंतर आम्ही खाली गेलो की ही उघडणार कोण? तू तर होस्टेलवर."

ही खरी ग्यानबाची मेख! दिवाळी झाली की आमचा निम्मा पाडा दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या कामाला उतरतो तो होळीला परत. घरी राहतो आजा आणि शेळ्या. आजाला मधाचा कप्पा उचलवत नाही आणि अंडी दिसण्याइतकी नजर राहिलेली नाही. पण माशी त्याला कळते. म्हणजे पेटी अशी हवी की जी उचलायची नाही, फार उघडायची नाही आणि जिच्या दारात बसून आतलं ओळखता येईल. असं एकेक करत उत्तर टॉप-बारवर आलं. उलट माझ्या मामाकडे विहीर आहे, आंबा-काजूची वाडी आहे, तो बारा महिने घरीच असतो. त्याने चौकटीची घेतली. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

आमची पेटी मी जुन्या दाराच्या फळ्यांची केली. सातेरीच्या पोळ्यांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत साधारण तीस मिलिमीटर, म्हणून पट्ट्याही तेवढ्याच रुंदीच्या. प्रत्येक पट्टीखाली मध्यभागी एक धार काढून तिला मेण चोळलं, म्हणजे माशी तिथूनच सुरुवात करते. सांधे मात्र घट्ट बसवले, कारण युरोपियन माशीसारखी सातेरी डिंक गोळा करून फटी बुजवत नाही आणि फटीतून मेणकिडा शिरतो. दार म्हणजे आठ मिलिमीटरची चीर, गांधीलमाशी आत जाऊ नये म्हणून. वारेचा भुशाचा ट्रे उसना घेतला आणि त्यात भाताचं तूस भरलं. वर गवताचं छप्पर. स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांमध्ये. मुंग्यांसाठी हा उपाय कोणत्याही पेटीला करावाच.

ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्याच्या कामात जाणाऱ्या एका झाडातलं मोहोळ आम्ही हलवलं. प्रशिक्षण घेतलेला शेजारच्या गावचा एक माणूस सोबत होता. नवख्याने हे एकट्याने करू नये. पिलाव्याची पोळी कापून केळीच्या सोपटाने पट्ट्यांना बांधली. राणी सापडली, ती जाळीच्या डबीत ठेवून पेटीत ठेवली. राणी आत आहे म्हटल्यावर बाकीच्या आपोआप मागे आल्या. दिवस मावळल्यावर पेटी घरी आणली. राणी बाहेर पडू नये म्हणून दाराला काही दिवस राणीद्वार लावलं. कामकरी माश्या पायाला परागाच्या गोळ्या घेऊन आत जायला लागल्या तेव्हा ते काढलं.

बाबा-आई द्राक्षाला गेले आणि आजाने खाट पेटीसमोर आणली. दर रविवारी फोनवर रिपोर्ट : पिवळा पराग येतोय, म्हणजे आत पिल्लं आहेत. दारात भुगा दिसत नाही, म्हणजे मेणकिडा नाही. दुपारी पंखे मारत बसतात, उकाडा वाढलाय. आमच्या इन्स्ट्रुमेंटेशनच्या लॅबमध्ये इतकं रीडिंग कोणी घेत नसेल. मे २०२४ मध्ये कडेची दोन पोळी काढली, दीड-दोन किलो मध निघाला. बाकी सगळा पावसाळ्यासाठी ठेवला. सातेरीचं एक मोहोळ वर्षाला फार तर पाच-दहा किलो देतं, तेव्हा 'मध विकून बुलेट घेणार' हा बेत असेल तर आत्ताच सोडा.

आणि ऑगस्टमध्ये आजाचा फोन आला, "गेल्या."

आठ-दहा दिवस झड लागलेली. उघडीप मिळाली त्या दुपारी सगळं मोहोळ उठून गेलं. मी रक्षाबंधनाला घरी गेलो तेव्हा पेटी उघडली : पोळी कोरडी, अंडी नाहीत, मधाचा थेंब नाही. म्हणजे घाईत गेल्या नव्हत्या. पिलावा थांबवून, होतं ते खाऊन, हिशेब मिटवून गेल्या होत्या. मामाची मात्र टिकली. त्याने पावसात संध्याकाळचा साखरेचा पाक दिला होता, दर आठवड्याला तळ झाडला होता. 'नैसर्गिक'वाल्यांना साखर चालत नाही. पण मोहोळ उपाशी मरण्यापेक्षा साखर बरी, हे मामाचं म्हणणं मला खोडता आलं नाही.

मी पेटी मोडायला काढली तेव्हा आजा म्हणाला, "राहू दे. गेल्या म्हणजे मेल्या नाहीत. पोटाला उतरल्यात. आपण नाही का उतरत द्राक्षाला?"

पुस्तकात यालाच सातेरीचं स्थलांतर म्हणतात. चारा संपला की ही माशी घर सोडते. मी ते वाचलं होतं, 'तोटा' या सदरात. आजाने ते माणसाच्या बाजूने वाचलं. दर वर्षी घराला कुलूप लावून जाणाऱ्या माणसाला घर सोडणं म्हणजे बेइमानी वाटत नाही. परत येण्यासारखं घर मागे ठेवायचं एवढंच त्याला कळतं. त्याने किडलेली पोळी जाळली, दोन चांगली ठेवली, पेटी पुसून पट्ट्यांना पुन्हा मेण चोळलं आणि वाट्यांमध्ये पाणी भरत राहिला.

ऑक्टोबर २०२४. खुरासणी फुलली आणि चार-पाच माश्या दाराशी घुटमळायला लागल्या. दोन दिवसांनी दुपारी आख्खा थवा येऊन आत शिरला. त्याच माश्या की दुसऱ्या? सांगता येत नाही, त्यांना आधार कार्ड नसतं. आजाचं म्हणणं, त्याच. त्या हंगामात खुरासणी बरी झाली. तुलनेला बिनमाशीचं शेत नव्हतं, त्यामुळे श्रेय कोणाचं हे मी सिद्ध करू शकत नाही. तेलाचा डबा मात्र भरला.

तेव्हा मित्रहो, कोणती पेटी घेऊ याचं माझं उत्तर असं. आधी आपल्या शिवारात कोणती माशी आहे ते बघा. मग पाऊस किती आणि फुलं कोणत्या महिन्यात नसतात ते लिहून काढा. मग घरात कोण राहणार आहे ते विचारा. शिकलेलं, रोज घरी असणारं माणूस असेल तर सातेरीच्या मापाची चौकटीची पेटी घ्या. उचल-ठेव जमत नसेल तर टॉप-बार. जमलं तर दोन मोहोळांनी सुरुवात करा, म्हणजे एक बिघडलं तर दुसऱ्याशी ताडून बघता येतं. माशी लांबून विकत आणू नका. १९९०च्या दशकात दक्षिणेत सॅकब्रूड नावाच्या विषाणूच्या रोगाने सातेरीची हजारो मोहोळं गेली. असे रोग माश्यांबरोबरच प्रवास करतात. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तिथे प्रशिक्षण मिळतं. 'अंडर द मँगो ट्री' ही संस्थाही महाराष्ट्र-गुजरातमधल्या आदिवासी शेतकऱ्यांसोबत सातेरीच्या पेट्यांचं काम करत आली आहे. आधी शिका, मग सुतार गाठा.

आणि ज्यांना पेटी ठेवायचीच नाही, त्यांनी निदान एवढं करावं : होस्टेलच्या टाकीखालचा आग्या दिसला की लगेच जाळायला माणूस बोलावू नये. फुलोरा संपला की तो आपणहून जातो. तोपर्यंत खिडकी लावून अभ्यास करावा, परीक्षा तशीही जवळच आहे.

कोणाला पट्ट्यांची मापं हवी असतील तर रविवारी खोलीवर या. मध मागू नका, संपला आहे. खुरासणीची चटणी मिळेल.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी